कशावरून? डाळिंबाचं पान, फोनमधलं ॲप आणि तर्कशास्त्रातला एक जुना प्रश्न

डाळिंबाच्या पट्ट्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संगणक विभागात शिकवते. या प्रकरणातली नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांना तत्त्वज्ञान कशाला, असं मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. व्याख्यान देऊन ते पटत नाही, म्हणून घडलेलं एक प्रकरणच सविस्तर लिहून ठेवते आहे.

पार्श्वभूमी

ज्यांनी डाळिंब लावलंय त्यांना तेल्या काय असतो ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. हा जिवाणूमुळे होणारा रोग आहे. पानावर आधी पाण्याने भिजल्यासारखा, तेलकट दिसणारा बारीक ठिपका येतो, त्यावरून हे नाव पडलं. पुढे ठिपका काळपट होतो, फळावर डाग पडतात आणि डागाच्या जागी फळ इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारखं तडकतं. तडकलेल्या फळाला बाजारात भाव नाही. दमट, पावसाळी हवेत रोग झपाट्याने पसरतो. त्यामुळे मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडावर फुलोरा घेऊन धरलेलं पीक) धरलेल्या घरात पावसाळा संपेपर्यंत कुणाला स्वस्थ झोप नसते.

तिसऱ्या वर्षाच्या तीन विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. पानाचा फोटो काढायचा आणि तेल्या आहे की नाही ते ॲपने सांगायचं. तिघांतली एक बागायतदाराचीच मुलगी होती. शाळेत असताना तिने वडिलांची अख्खी बाग तेल्याने जाताना पाहिली होती, त्यामुळे हा प्रकल्प तिच्यासाठी गुणांपुरता नव्हता.

सुरुवातीला आम्ही २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक गाजलेला शोधनिबंध वाचला. १४ पिकांच्या पानांचे ५४,३०६ फोटो संगणकाला दाखवून रोग ओळखायला शिकवलं होतं आणि बाजूला ठेवलेल्या फोटोंवर अचूकता आली होती ९९.३५ टक्के. त्याच निबंधात आणखी एक आकडा होता. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा तीच अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली होती. हे संशोधकांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहिलं होतं. आम्ही दोन्ही आकडे वाचले आणि लक्षात ठेवला फक्त पहिला.

फोटो असे जमले. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मुलं तेल्या आलेल्या बागांमधून फिरली आणि रोगट पानांचे फोटो काढून आणले. निरोगी पानांची आठवण झाली दिवाळीनंतर. तेव्हा सोय म्हणून ओळखीच्या लोकांच्या नव्या लागवडी गाठल्या. अजून बहार न धरलेली, दीड-दोन वर्षांची झाडं, पानं तुकतुकीत. सगळ्या फोटोंचा एक ढीग केला, पिसला, एक पंचमांश परीक्षेसाठी बाजूला काढला आणि उरलेल्यावर मॉडेल, म्हणजे फोटोंवरून ओळखायला शिकणारा प्रोग्राम, शिकवलं. फेब्रुवारीत निकाल आला तेव्हा अचूकता नव्वदीच्या बरीच वर होती. विभागात पेढे वाटले गेले.

अडचण

जूनमध्ये ॲप ओळखीच्या १२ शेतकऱ्यांच्या फोनवर टाकून दिलं. जुलै संपायच्या आत पहिला फोन आला. फोन करणाऱ्या शेतकऱ्याला इथे तात्या म्हणते. तीन एकर बाग, तीस वर्षांचा हात.

"मॅडम, तुमचं ॲप पानापानाला तेल्या सांगतंय. म्हणून मी दुकानातून औषध आणून मारलं. परत बघितलं तर पुन्हा तेल्याच. बोर्डोचा हात दिला, तरी तेच. माझ्या डोळ्याला तर एक ठिपका दिसत नाही. आता डोळा खरा धरू का फोन?"

आम्ही बागेत गेलो. पानं स्वच्छ होती. ॲप प्रत्येक पानाला तेल्या म्हणत होतं, आणि छातीठोकपणे म्हणत होतं.

दुसऱ्या शेतकऱ्याचा फोन आलाच नाही. यादीतल्या सगळ्या बागा पाहू म्हणून ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे गेलो, तेव्हा फळांवर डाग आले होते. ॲप आठ दिवस "निरोगी" म्हणत होतं. सततच्या पावसामुळे त्यांची फवारणी लांबली होती, हातात पैसाही नव्हता, आणि फोन निरोगी म्हणतोय म्हटल्यावर त्यांनी आणखी आठ दिवस ढकलले. त्यांनी आमच्यावर आवाज चढवला नाही. चहा दिला. परतताना गाडीत कुणी बोललं नाही.

पहिला निर्णय: चूक कुणाच्या पदरात टाकायची?

दुसऱ्या दिवशी तिघांची तीन मतं. कोड लिहिणारा म्हणाला, शेतकऱ्यांच्या फोनच्या कॅमेऱ्यावर धूळ असते, ढगाळ उजेडात रंग बदलतात, दोष फोटोचा आहे. दुसरा म्हणाला, दोन-तीन बागांवरून काही ठरत नाही. आणि बागायतदाराची मुलगी म्हणाली ते मला त्या क्षणी सगळ्यात पटलं: "मॅडम, तात्यांच्या बागेत रोग आत असेल, डोळ्यांना अजून दिसत नसेल. मॉडेल कदाचित डोळ्यांच्या आधी ओळखत असेल."

विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात ही जागा ओळखीची आहे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर द्युएम याने १९०६ सालीच दाखवून दिलं होतं की प्रयोगाने एकट्या सिद्धान्ताची परीक्षा होत नाही. सिद्धान्ताबरोबर उपकरण, मोजमाप आणि गृहीतं असा सगळा जुडगाच कसोटीला लागतो. निकाल उलटा आला तर जुडग्यात कुठेतरी चूक आहे एवढं कळतं, कुठल्या काडीत ते कळत नाही.

मुलांना मी खगोलशास्त्रातली जोडगोळी सांगितली. युरेनसची कक्षा न्यूटनच्या गणिताशी जुळेना, तेव्हा फ्रेंच खगोलगणिती ल वेरिए याने गणिताला दोष दिला नाही, न दिसलेला ग्रह असणार असं म्हटलं. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेतून गाले याने दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाची कक्षा जुळेना. तोच ल वेरिए, तीच युक्ती: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असला पाहिजे. १८५९ पासून लोक तो शोधत राहिले, त्याला व्हल्कन असं नावही दिलं. तो नव्हताच. १९१५ साली आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताने बुधाचा हिशेब कुठल्याही नव्या ग्रहाशिवाय लागला. एकाच माणसाची एकच विचारपद्धती एकदा खरी ठरली, एकदा खोटी. पण दोन्ही वेळी "इथे पाहा, म्हणजे कळेल" असं तो सांगू शकत होता.

"डोळ्यांच्या आधी ओळखतं" या म्हणण्यात तसं काही सांगितलेलं नव्हतं. ठिपका दिसला तर मॉडेल बरोबर, नाही दिसला तर मॉडेल पुढे. असं मॉडेल कधी चुकूच शकत नाही. मुलीला हे सांगितल्यावर ती गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे आधी ठरवायला हवं की काय झालं तर आपण चुकलो असं म्हणू." पण काय झालं तर, हे आमच्यापैकी कुणालाच सुचेना. इथे आम्ही आठवडाभर अडकलो.

सरांचा तास

आमच्या ग्रंथालयात शेजारच्या कला महाविद्यालयातून निवृत्त झालेले तर्कशास्त्राचे एक सर वर्तमानपत्रं वाचायला येतात. एके दुपारी मुलं तिथेच वाद घालत बसली होती. सरांनी ऐकलं आणि विचारलं, "पानाला तेल्या आहे असं तुमचं यंत्र कशावरून म्हणतं?"

कोड लिहिणाऱ्याने सांगायला घेतलं: इतके थर, इतके फोटो, इतकी अचूकता. सर म्हणाले, "ते कसं म्हणतं हे झालं. मी कशावरून विचारतोय."

मराठीतला हा एक शब्द मला त्या दिवशी नव्याने ऐकू आला. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, ज्याला हेतू म्हणतात त्याचाच हा रोजचा शब्द. डोंगरावर विस्तव आहे. कशावरून? धूर दिसतो. धूर जिथे जिथे, तिथे तिथे विस्तव, ही त्यामागची व्याप्ती. इथपर्यंत मुलांना येत होतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर भारतीय ज्ञानपरंपरेचा विषय अभ्यासक्रमात आलाय आणि हेतू, साध्य, व्याप्ती यांच्या व्याख्या त्यांनी परीक्षेत लिहिल्या होत्या.

सरांनी मग उदाहरण उलटं केलं. विस्तव आहे म्हणून धूर आहे, असं म्हटलं तर? चूल पेटली की धूर, शेकोटी पेटली की धूर, शंभर वेळा पाहिलं. तरी हे अनुमान चुकीचं, कारण लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडाचा गोळा. त्यात विस्तव आहे, धूर नाही. मग शंभर वेळा ते खरं का ठरलं? कारण त्या शंभरही वेळा लाकूड ओलं होतं. धूर विस्तवामुळे नव्हता, ओल्या सरपणाला विस्तव लागल्यामुळे होता. मागे लपलेल्या या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात हेच ओलं सरपण आणि हाच तापलेला गोळा आहे. न्यायशास्त्र शिकणाऱ्या मुलाच्या हातात पहिलं पुस्तक पडतं ते हेच.

"तुमचं ओलं सरपण कोणतं?" सरांनी विचारलं. "ज्या बागांतून रोगट पानं आणली, त्या सगळ्या बागांत आणखी काय सारखं होतं, जे निरोगी पानांच्या बागांत नव्हतं?"

मुलं बागांची नावं आठवून कागदावर लिहू लागली. झाडांचं वय वेगळं, महिना वेगळा. आणि मग बागायतदाराची मुलगी एकदम म्हणाली, "बोर्डो!"

मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेलं बोर्डो मिश्रण डाळिंबवाल्यांच्या रोजच्या वापरातलं. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला मोरचूद एक किलो, चुना एक किलो. वाळलं की पानावर निळसर-पांढरा थर राहतो आणि साध्या पावसाने तो सहजी जात नाही. तेल्या दिसल्यावर शेतकरी आधी फवारतो, मग दुसऱ्या कामाला लागतो. आमची मुलं पोचेपर्यंत रोगट बागांवर फवारा झालेलाच होता. निरोगी पानं आणली ती न फवारलेल्या कोवळ्या बागांतून. मॉडेलला तेल्याचा ठिपका शोधण्याची गरजच पडली नव्हती. निळसर थर दिसला की तेल्या, नाही दिसला की निरोगी, एवढ्यावर ते नव्वदीच्या वर गेलं होतं.

तात्यांचा उलगडा झाला. ते शिस्तीचे, रोग यायच्या आधीच, पालवी फुटल्यापासून प्रतिबंधक म्हणून बोर्डो मारत आलेले. थर आहे, रोग नाही. तात्यांची बाग हाच तो तापलेला लोखंडी गोळा. आणि ॲपचं ऐकून ते जितकं फवारत गेले, तितकं ॲप जोरात तेल्या म्हणत गेलं. दुसऱ्या शेतकऱ्याच्या बागेत रोग होता, थर नव्हता.

सरांनी एक दुरुस्ती मात्र लगेच केली. शास्त्राप्रमाणे उपाधी साध्याला, म्हणजे जे सिद्ध करायचं त्याला, सर्वत्र व्यापून असावी लागते. इथे "रोग दिसल्यावर केलेली फवारणी" ही अट फक्त मुलांनी जमवलेल्या ढिगापुरती सगळ्या रोगट पानांना व्यापत होती, जगात नाही. न फवारलेली रोगट बाग जगात आहेच. म्हणजे पोथीतलं उदाहरण जसंच्या तसं बसत नाही. पण ते म्हणाले की बसत नाही ती जागाच महत्त्वाची: तुमचं यंत्र जग पाहून शिकलेलं नाही, ढीग पाहून शिकलंय.

तपासणी

आता "काय झालं तर आपण चुकलो" हे सांगता येत होतं, आणि तेही एका दुपारीत तपासता येत होतं. न फवारलेल्या बागेतून निरोगी पानं आणली. निम्म्यांवर बोर्डो शिंपडून वाळवलं, निम्मी तशीच ठेवली. मग खरोखर रोगट, फवारलेली पानं घेऊन लिंबाच्या पातळ पाण्याने थर हलक्या हाताने पुसून काढला. शिंपडलेल्या निरोगी पानांपैकी जवळजवळ सगळी ॲपने तेल्यात टाकली. पुसलेल्या रोगट पानांपैकी बरीचशी निरोगी म्हणून सोडली.

जाता जाता एक. या मिश्रणाचा शोधही कशावरून काय ठरवायचं याच गोंधळातून लागला. फ्रान्समधल्या बोर्डो परगण्यात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद-चुन्याचा लेप देत, तो वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. त्या वेलींवर केवडा रोग कमी दिसतो हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं. त्याने प्रयोग करून पाहिले, आणि १८८५ मध्ये औषध म्हणून ते मिश्रण जाहीर केलं.

पर्याय

आमच्यापुढे चार वाटा होत्या. पहिली, आणखी फोटो जमवायचे. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फसवं. त्याच पद्धतीने दहापट फोटो आणले असते तर निळ्या थरावरचा विश्वास दहापट घट्ट झाला असता. दुसरी, फोटोतला रंग काढून टाकायचा. कोड लिहिणाऱ्याने दोन रात्री जागून करून पाहिलं. थराचा रंग गेला, पण त्याची खरखरीत पोत शिल्लक राहिली, आणि तेल्याचा तेलकटपणाही रंगाबरोबर गेला. तिसरी, ॲप मागे घ्यायचं. चौथी, नमुनाच नव्याने आखायचा.

तिसरी आणि चौथी आम्ही एकत्र केल्या. सगळ्या १२ जणांना भेटून ॲप काढून घेतलं आणि काय चुकलं ते सांगितलं. याला विभागात विरोध झाला. नाव खराब होईल, गुपचूप नवी आवृत्ती टाका, असा सल्ला मिळाला. मी तो मानला नाही आणि आजही त्याच मताची आहे.

दुसरा निर्णय: तेल्या म्हणजे नेमकं काय?

नवा नमुना आखताना चार रकाने केले. रोगट-फवारलेलं, रोगट-न फवारलेलं, निरोगी-फवारलेलं, निरोगी-न फवारलेलं. पहिल्या ढिगात मधले दोन रकाने जवळजवळ रिकामे होते. हे तिथे थांबलं असतं. पण रकान्यात पान टाकताना प्रश्न आला की "रोगट" कोण ठरवणार?

पहिल्या वेळी मुलांनी बागेच्या मालकाला विचारलं होतं: तेल्या आहे का? हो म्हटलं की त्या बागेतली ठिपकेवाली सगळी पानं तेल्यात. आता बसून विचार केला तर एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या. बागेत तेल्या आहे. या पानावर तेल्यासारखा ठिपका आहे. या पानात तो जिवाणू आहे. शेतकऱ्याला पहिली गोष्ट हवी असते, कॅमेऱ्याला दुसरी दिसते, आणि औषध ठरतं तिसरीवर, कारण बुरशीच्या ठिपक्यावर जिवाणूचं औषध मारून उपयोग नाही. आम्ही पहिलीचं उत्तर घेऊन दुसरी शिकवत होतो आणि तिसरीचा सल्ला देत होतो.

कृषी विज्ञान केंद्रातल्या एका रोगशास्त्रज्ञांनी यात मोलाची मदत केली. ठिपक्याच्या कडेचा बारीक तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. जिवाणू असेल तर कापलेल्या कडेतून धुरासारखा दुधी लोट पाण्यात सुटताना दिसतो. बुरशीच्या ठिपक्यातून तो येत नाही. जुन्या ढिगातली पानं अर्थात उरली नव्हती. पण त्याच बागांमधून "तेल्या" म्हणून नव्याने आणलेली पानं तपासली तर त्यांतली काही बुरशीच्या ठिपक्यांची निघाली.

ज्याला आम्ही सत्य म्हणून यंत्रापुढे ठेवलं होतं, ते कुणाचं तरी मत होतं. यंत्राची अचूकता म्हणजे त्या मताशी असलेलं एकमत. हे वाक्य मी आता दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते.

तिसरा निर्णय: किती खात्री झाल्यावर बोलायचं?

मॉडेल "तेल्या" किंवा "निरोगी" म्हणत नाही, ते शक्यतेचा आकडा देतं. कुठल्या आकड्याच्या वर तेल्या म्हणायचं ते आपण ठरवतो. पहिल्या वेळी कोड लिहिणाऱ्याने निम्म्यावर रेघ मारली होती. का, तर सगळे मारतात.

अमेरिकी तत्त्वज्ञ रिचर्ड रुडनर याने १९५३ साली एका छोट्या लेखात मांडलेला मुद्दा इथे नेमका लागू पडतो. पुरावा पुरेसा आहे असं म्हणताना शास्त्रज्ञ, चुकलो तर काय बिघडेल याचाही हिशेब करतच असतो. पट्ट्याच्या बकलांची एक खेप सदोष नाही हे ठरवायला जेवढी खात्री पुरते, तेवढी औषधातला विषारी घटक जीवघेण्या प्रमाणात नाही हे ठरवायला पुरत नाही. म्हणजे रेघ कुठे मारायची हा निव्वळ गणिताचा प्रश्न उरत नाही.

मग तो शेतकऱ्यांना विचारायला हवा होता. सात जण आले. आम्हाला वाटलं होतं, सगळे म्हणतील की एकही रोगट पान सुटू देऊ नका. तात्या म्हणाले, फुकटच्या फवारणीला औषध, मजुरी, डिझेल लागतं आणि पोराच्या नाकातोंडात जातं ते वेगळं. जिवाणूनाशक म्हणून मारतात त्यात प्रतिजैविक असतं, उगीच मारत राहिलो तर रोग औषधाला दाद देईनासा होतो, हेही एकाने सांगितलं. ज्यांचं नुकसान झालं होतं ते शेवटी बोलले. त्यांच्या मते बहार धरल्यावर पहिल्या दोन महिन्यांत एक पान सुटलं तरी महाग, नंतर तेवढं नाही. एकच रेघ वर्षभर चालणार नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ठरलं ते असं: ॲप निदान करणार नाही. तीन उत्तरं देईल. संशय आहे, झाडाजवळ जाऊन पाहा आणि पान तपासून घ्या. संशय दिसत नाही, पण चार दिवसांनी पुन्हा बघा. आणि तिसरं, सांगता येत नाही. फवारलेलं पान दिसलं तर ॲप आधी विचारेल: फवारणी कधी केली?

काय हाती लागलं

नवे फोटो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढले. या वेळी परीक्षेसाठी ढीग पिसला नाही, अख्ख्या बागा बाजूला ठेवल्या. ज्या बागेतलं एकही पान मॉडेलने पाहिलेलं नाही तिच्यावरच परीक्षा. अचूकता नव्वदीवरून सत्तरीत आली. कोड लिहिणारा त्या दिवशी जेवला नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, मागच्या वर्षी जास्त होती ना? मुलीने तात्यांच्या बागेची गोष्ट आणि चार रकाने सांगितले. परीक्षकांनी पंचवीस मिनिटं प्रश्न विचारले. गुण चांगले मिळाले, सर्वोत्तम प्रकल्पाचं बक्षीस मात्र जास्त अचूकता दाखवणाऱ्या दुसऱ्या गटाला गेलं. त्या गटाने परीक्षेचे फोटो कसे निवडले होते ते कुणी विचारलं नाही.

ॲप आज चार शेतकरी वापरतात, तेही मुख्यतः नोंदवही म्हणून: कुठल्या ओळीत, कधी, काय दिसलं. तात्या त्यांतले एक आहेत. ज्यांचं नुकसान झालं त्यांनी पुन्हा ॲप घेतलं नाही. त्यांचं फळ किती गेलं आणि त्यात आमचा वाटा किती, याचा हिशेब मला मांडता आलेला नाही. पाऊस होता, पैसा नव्हता, आणि आमचं "निरोगी" होतं.

एका सहकाऱ्यांचा आक्षेप इथे नोंदवते, कारण तो रास्त आहे. ते म्हणाले, याला डेटासेटमधला बायस, म्हणजे जमवलेल्या नमुन्यातला एकांगी कल, म्हणतात, मशीन लर्निंगच्या कुठल्याही पुस्तकात एक धडा असतो, त्यासाठी अन्नंभट्ट कशाला? खरं आहे, धडा असतो. माझ्या मुलांनी तो वाचलाही होता आणि अहवालात "बायस तपासला" असं लिहिलंही होतं. दोन्ही प्रकारांचे फोटो सारख्या संख्येने आहेत एवढं पाहून. शब्द माहीत असूनही त्यांना बोर्डो दिसला नाही. तो दिसला तो तापलेला लोखंडी गोळा शोधायला निघाल्यावर. आणि उलटंही तेवढंच खरं आहे. सरांना बोर्डो काय ते माहीत नव्हतं. तो बागायतदाराच्या मुलीला माहीत होता. सूक्ष्मदर्शकाशिवाय बुरशी वेगळी झाली नसती, तात्यांनी डोळ्यावरचा विश्वास सोडला असता तर आमच्यापर्यंत काही आलंच नसतं.

पुन्हा करायचं झालं तर

सरांची भेट योगायोगाने झाली, आणि उशिरा झाली. तो प्रश्न पहिला फोटो काढायच्या आधी विचारायला हवा होता. मी आता प्रकल्प नोंदवतानाच एक पान लिहून मागते: आपण कशावरून म्हणणार आहोत, आपला लोखंडी गोळा कुठे सापडेल, आणि तो आपण मुद्दाम शोधायला कधी जाणार आहोत. मुलं कुरकुरतात. मी पान परत देते.

शेतकऱ्यांकडे ॲप देण्याआधी मी स्वतः एकाही बागेत गेले नव्हते. ही माझी चूक, तिला तत्त्वज्ञानाचं नाव देण्याची गरज नाही. रेघ कुठे मारायची ही बैठकही नुकसान झाल्यावर झाली, ती आधी व्हायला हवी होती.

ज्ञानपरंपरेच्या तासाबद्दल माझी खंत मोठी आहे. व्याख्या पाठ असलेल्या तीन हुशार मुलांना उपाधी हे आपल्या हातातलं हत्यार आहे असं वर्षभरात एकदाही वाटलं नाही, कारण आम्ही ती त्यांना अभिमानाची वस्तू म्हणून दाखवली होती. यंदा त्या विषयाचे दोन तास सर घेतात. धूर आणि डोंगर न सांगता ते मुलांच्याच प्रकल्पांतून ओलं सरपण शोधायला लावतात. मागच्या महिन्यात एका गटाला आपल्या वीजमापकाच्या नोंदींत ते सापडलं.

तीन मुलं पास होऊन बाहेर पडली. चार रकान्यांची वही आता पुढच्या गटाकडे आहे. निरोगी-फवारलेलं हा रकाना अजून भरत नाही, कारण रोग नसताना शिस्तीने फवारणाऱ्या बागा थोड्या. या मृग बहाराला पालवी फुटली की मुलांनी पहिल्या फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी यावं, असं तात्यांनी कळवलंय.